वन्संचा एकविसावा दिवस

वन्संनी एकतीस वर्षं अंडी फोडली, हे आमच्या घरात कुणी कधी मोठ्याने बोललं नाही.

गल्लीतल्या बायकांनी विचारलं तर मी सांगत असे, माझ्या नणंदबाई विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहेत. ते खरंच होतं. तिथे त्या काय करत, एवढंच मी सांगत नसे. अंड्यात पिल्लू कसं घडत जातं ते विद्यार्थ्यांना दाखवायचं असे. त्यासाठी वन्सं मशीनमध्ये अंडी ठेवत. कुणाला एका दिवसाचं हवं, कुणाला दोन, कुणाला तीन. वेळ भरली की त्या चिमट्याने कवच उचलून आतला जीव काचेच्या बशीत काढून देत. तीन दिवसांच्या पुढचं कधी कुणी मागितलं नाही. संध्याकाळी घरी आल्या की तळमजल्यावरच्या नळाखाली अंघोळ करत, पौषातल्या थंडीतसुद्धा, आणि ओल्या केसांनीच जिना चढत. हा नेम त्यांना कुणी घालून दिला नव्हता.

आमचं घर गंगेकाठी, दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत आहे. आमचे हे, दत्तात्रेय, देशाकडून येणाऱ्या यजमानांची श्राद्धकर्मं करतात. घरात कांदासुद्धा चातुर्मास पाळून येतो. अशा घरातली मोठी बहीण अंड्यांची नोकरी करते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. वन्सं स्वतः अंडं खात नाहीत. लग्न केलं नाही. उंच, वाळक्या, अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. बोलणं मोजकं. मी लग्न होऊन आले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि पहिलं वर्षभर मला त्यांची भीती वाटायची. नंतर ती गेली. गेल्या पौषात ती परत आली, पण त्यांची म्हणून नव्हे.

निवृत्त होऊन वर्ष झालं आणि मार्गशीर्षात त्यांच्या नावाने एक मोठं खोकं आलं. आत थर्माकोलचा पांढरा डबा, झाकणात काचेची खिडकी, आतल्या बाजूला पंखा आणि बल्ब, बाहेर लाल आकड्यांची पट्टी.

हे जेवायला बसले होते. वन्सं म्हणाल्या, "दत्तू, मला एकदा एकवीस दिवस पुरे करायचेत."

यांना क्षणभर कळेना. कळल्यावर हातातला घास ताटात ठेवला. "ताई, अंडी? आपल्या घरात?"

"खायला नाही आणत."

"गल्लीतले लोक विचारणार आहेत का, खायला आणली की बघायला?"

"तू नाही सांगितलंस तर कोण विचारणार?"

यांनी अटी घातल्या. छतावरच्या खोलीच्या बाहेर काही येता कामा नये. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्याशी संबंध नको. आणि जे काही निघेल ते आठ दिवसांत ज्याचं त्याला परत. वन्सं म्हणाल्या, "बरं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि जेव आता, आमटी निवली."

वन्संनी तो डबा दोन दिवस रिकामाच चालवला. मी चहा घेऊन वर गेले तर त्या गुडघ्यांवर बसून खिडकीतून आत बघत होत्या. बाहेरची पट्टी साडेसदतीस दाखवत होती. वन्संनी कापसात गुंडाळून ठेवलेला प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर आत ठेवला होता, त्यात एकोणचाळीस.

"दीड डिग्री जास्त," त्या म्हणाल्या. "यात ठेवली असती तर तीन दिवसांत गेली असती."

"मशीन खराब आहे का?"

"मशीन फसतंय. ही तार बघ. गरमी मोजणारं टोक हवेच्या भोकाशी चिकटवलंय. बाहेरची थंड हवा त्याला लागते, त्याला वाटतं आत गारठा आहे, म्हणून बल्ब जळत राहतो." त्यांनी ते टोक सोडवून अंडी असतील त्या उंचीवर दोऱ्याने टांगलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे जुळले. त्या दिवशी त्या माझ्याशी जेवढं बोलल्या तेवढं महिनाभरात बोलत नसत.

अंडी रामनगरच्या एका कोंबडीवाल्याने पाठवली. बारा होती, भुशाच्या टोपलीत. प्रवासातून आली म्हणून एक दिवस टोक खाली करून तशीच ठेवायची, असं वन्सं म्हणाल्या आणि दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या.

मी वर वाळवणं काढायला गेले. खोलीचं दार लोटलेलं होतं. टोपलीकडे माझी नजर गेली. दोन-तीन अंड्यांवर विष्ठा वाळलेली, एकावर पीस चिकटलेलं. ही टोपली आमच्या जिन्याने, देवघराच्या दारावरून वर आली होती. खाली येऊन काम करायला लागले, पण मन तिथेच. शेवटी यांनी सकाळी पंचगंगा घाटावरून आणलेल्या तांब्याच्या कळशीतलं पाणी घेतलं, वर गेले आणि एकेक अंडं त्या पाण्याने धुतलं. गंगेचं नाव घेत धुतलं. बाराही. धूतवस्त्राने पुसून जशी होती तशी, टोकं खाली करून ठेवली. हात बर्फासारखे झाले होते, पण मन हलकं झालं. आता ही घरात राहायला हरकत नाही, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं अंडी डब्यात ठेवायला बसल्या. मी शेजारी होते. एक अंडं हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरलं.

"स्वच्छ दिसतात गं. काल डाग होते."

"मी पुसली जरा."

"कोरड्या कपड्याने ना?"

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मी म्हणाले, "हो."

"मग ठीक. पाणी लावलं असतंस तर घात होता. अंड्यावर एक लेप असतो, कोंबडीच देते. कवचाला हजारो बारीक भोकं असतात, ती त्या लेपाने बुजलेली असतात. धुतलं की लेप जातो. आणि गार पाण्याने धुतलं तर आतलं आकसतं आणि बाहेरची घाण भोकांतून आत ओढून घेतं. वरून लख्ख दिसतं. आत सडत जातं."

पेन्सिलने त्या प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढत होत्या, फिरवताना कळावं म्हणून. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसरी बारा मागवता आली असती. पण मी 'हो' म्हणून बसले होते, आणि एकसष्ट वर्षांच्या त्या बाईच्या तोंडावर मी इतक्या वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. डबा बंद झाला.

मी रोज वही लिहिते. आधी देवाचं नाव, मग तिथी, मग दिवसभरात काय झालं. त्या दिवशी देवाचं नाव लिहिलं आणि पुढे हात चालेना. तिथी लिहून वही मिटली. पुढचे दहा दिवस मी वहीत सगळं लिहिलं, दुधाचं, पाहुण्यांचं, धुक्याचं. तेवढं एक लिहिलं नाही.

वन्सं दिवसातून पाच वेळा अंडी फिरवत. त्या बाहेर गेल्या की दुपारची पाळी माझी. हात धुऊन, पुसून, झाकण उघडून फुलीचा गोल करायचा. मी प्रत्येक अंड्याला हात लावताना नाक जवळ न्यायची. वास येतो का? कळायचं नाही. धूप लावल्यासारखं नाक बधिर झालेलं असायचं. पूर्वी मला अंड्यांची किळस वाटायची, आता किळस गेली आणि धाकधूक आली. किळस बरी होती.

रोज सकाळी ब्रह्मचारिणीच्या देवळात जाते, तशी जात होते. पण देवीपुढे उभं राहिलं की मागायचं काय ते सुचेना. आपणच गंगेच्या पाण्याने मारलं असेल तर देवीला काय सांगायचं? मी आपली नमस्कार करून परत यायची. आनंदी, समोरच्या घरातली, एकदा म्हणाली, "काकू, बरं नाही का? चेहरा उतरलाय." मी म्हटलं, थंडी.

सातव्या दिवशी वन्संनी खोलीत अंधार केला आणि टॉर्चवर एकेक अंडं धरलं. तीन नुसती उजळ निघाली, रिकामी. चौथ्यात लाल बारीक शिरा पसरलेल्या होत्या आणि मधे एक काळा ठिपका हलत होता.

"हे बघ, मधुवंती. बघ ना!"

मी बघितलं. इतके दिवस ती अंडी होती.

"नऊ," वन्सं म्हणाल्या. "बारांत नऊ म्हणजे चांगलं आहे. इतके दिवस तर मी कधी ठेवलंच नाही कुणाला. याच्या पुढचं मला फक्त पुस्तकातलं माहीत आहे." आणि हसल्या. त्यांच्या हसण्याने मला बरं वाटायला हवं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

अकराव्या दिवशी सकाळी मी पूजेची फुलं निवडत होते. वरून हाक आली, "मधू, वर ये. लगेच."

त्या मला मधू म्हणत नाहीत. मी धावतच जिना चढले. डब्याचं झाकण उघडं होतं. एका अंड्याच्या कवचावर घामासारखे तपकिरी थेंब फुटले होते. खोलीत वास होता. गटाराचा नाही, त्याहून वाईट.

"दार लाव. जोरात पाऊल टाकू नकोस." वन्सं कुजबुजत होत्या. "आत वायू झालाय. फुटलं तर सगळ्यांवर उडेल, मग एकही वाचणार नाही."

त्यांनी पिशवी हातावर घातली, अंडं उचललं, पिशवी उलटी केली, गाठ मारली. त्यांचे हात स्थिर होते. मग त्यांनी उरलेली आठ एकेक करून नाकाशी धरली. आणखी दोन बाजूला काढली.

नंतर त्या कॉटवर बसल्या आणि स्वतःचे तळहात बघत राहिल्या. "माझंच काहीतरी चुकलं. हात नीट धुतले नसतील. एकतीस वर्षांत कधी झालं नाही, आणि आता—" मग एकदम उठल्या. "नाही. त्या माणसाने धुऊन पाठवली असणार. विकायला स्वच्छ दिसावीत म्हणून."

फोन लावला. त्या हिंदीत चिडल्या की फार सभ्य होतात, म्हणून अधिक भीती वाटते.

"भैया, आपसे मैंने साफ कहा था कि अंडे धुले हुए नहीं चाहिए."

फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. "दीदी, कसम ले लीजिए, पानी छुआया ही नहीं हमने. जइसे उठाए वइसे भेजे."

"झूठ मत बोलिए. तीन सड़ गए हैं."

"हम काहे झूठ बोलेंगे? बाल-बच्चे वाले आदमी हैं."

"अब आपसे कभी नहीं लूँगी. और जो पूछेगा उसको भी मना करूँगी."

तो माणूस गप्प झाला. त्याचं ते गप्प होणं मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "वन्सं, ठेवा फोन. मी धुतली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोन कानाला तसाच.

"मी धुतली. गंगेच्या पाण्याने. तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात तेव्हा. कोरड्या कपड्याने पुसली म्हणाले ते खोटं."

वन्संनी फोन खाली आणला. मला वाटलं आता त्या ओरडतील. त्यांनी विचारलं, "पाणी किती गार होतं?"

"कळशीतलं. हात बधिर झाले होते."

"बुडवलीस की वरून ओतलंस?"

"वरून. काही अंडी जरा चोळली, डाग होते ती."

"किती?"

"तीन. चार असतील."

"कुठल्या बाजूला ठेवली होतीस ती? आठव."

मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "रडायचं मग. आधी आठव." मी डोळे पुसून आठवायला लागले. डाग होता ते टोपलीच्या कडेचं, पीस होतं ते मधलं; टोपलीतल्याच क्रमाने वन्संनी ती डब्यात मांडली होती. वन्संनी अंबाड्यातली पेन्सिल काढून हे सगळं लिहून घेतलं, मी म्हणजे प्रयोगशाळेतली कुणी विद्यार्थिनी असावी तसं. सडलेली तीन बहुतेक तीच होती, चोळलेली. उरलेल्या सहांवरून नुसतं पाणी गेलं होतं.

"मग ती वाचतील?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला आता चीड आलीये, मधुवंती. तू खाली जा थोडा वेळ." मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाल्या, "थांब. आधी त्याची माफी माग." आणि फोन पुढे केला. तो माणूस अजून तिकडे होता. त्याने सगळं ऐकलं होतं, मराठीतलं किती कळलं देव जाणे.

मी म्हटलं, "भैया, गलती मेरी थी. मैंने ही गंगाजल से धो दिए थे."

तो हसायलाच लागला. "अरे माताजी! गंगाजी का पानी था? तब का चिंता. जो मर गया ऊ तो तर गया."

गंगेच्या पाण्याने मेलं ते तरून गेलं, हे वन्संनीही ऐकलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण हसल्या नाहीत. मी खाली गेले.

त्या रागावल्या होत्या, हे चार दिवस दिसत होतं. जेवताना "वाढ", "पुरे", याशिवाय शब्द नाही. पण दुपारची पाळी त्यांनी माझ्याकडून काढून घेतली नाही. पाचव्या दिवशी वर गेले तर खिडकीला चिठ्ठी लावलेली: 'झाकण उघडण्याआधी वास घेणे. शंका आली तर हाक मारणे.' मी रोज वास घ्यायची. आता भीती वेगळी होती. आधी पकडले जाण्याची भीती त्यात मिसळलेली होती, आता नुसती त्या सहांची होती, आणि ती काही कमी नव्हती. वहीत मी त्या दिवसापासून सगळं लिहायला लागले. वाचताना माझंच अक्षर मला ओळखू येत नाही.

अठराव्या दिवशी एक अंडं आतून स्तब्ध झालेलं निघालं. पाच राहिली. वन्संनी फिरवणं बंद केलं, आत ओला स्पंज ठेवला, आणि म्हणाल्या, "आता झाकण उघडायचं नाही. कवच वाळलं तर आतलं पापुद्र्याला चिकटून बसेल."

एकविसावा दिवस उजाडला. धुकं एवढं की पलीकडचं छत दिसेना. आम्ही दोघी डब्याच्या खिडकीपाशी बसलो. काही झालं नाही. दुपार झाली, काही नाही. हे घाटावरून आले आणि जिन्याच्या खालच्या पायरीवरून विचारलं, "काय ताई?" वन्सं म्हणाल्या, "काही नाही." ते वर आले नाहीत, पण जेवायलाही बसले नाहीत.

"थंडीमुळे एखादा दिवस मागे-पुढे होतो," वन्सं मला म्हणाल्या. ते त्या स्वतःला सांगत होत्या.

बाविसाव्या दिवशी सकाळी एका कवचाला चीर गेलेली दिसली. मसुराएवढा टवका उडाला होता आणि आत काहीतरी धडपडत होतं. मी हात जोडले. नऊ वाजले, अकरा वाजले. धडपड मंदावली. एक वाजला तेव्हा आत काही हलत नव्हतं.

"थकून गेलं का?" मी विचारलं.

"विसावा घेत असेल. कधी कधी बारा-बारा तास घेतात. असं लिहिलंय."

तेव्हा मी पाहिलं, त्यांच्या उजव्या हातात चिमटा होता. तो त्यांनी केव्हा घेतला ते मला कळलं नव्हतं, त्यांनाही कळलं नसावं. डावा हात झाकणावर होता.

"वन्सं," मी म्हणाले. "उघडू नये म्हणालात ना?"

"दोन मिनिटांचं काम आहे. टवका उडालाय तिथून कवच उचलायचं फक्त. माझ्याइतकं सफाईने कुणाला येत नाही." त्यांचा आवाज कापत होता. एकतीस वर्षांत, अकराव्या दिवशीसुद्धा, तो कापला नव्हता. "आत रक्ताच्या शिरा अजून जिवंत असल्या तर ते तिथेच जाईल. नसल्या तर वाचेल. बाहेरून मला ते कळत नाही, मधू. मला नुसतं उघडता येतं."

माझ्यामुळे सहाच उरली होती, त्यातली ही पाच. मी कोण सांगणार? तरी मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. नाडी एवढी जोरात चालली होती की माझ्या बोटांना लागली. आम्ही तशाच बसलो. काही वेळाने त्यांनी बोटं सैल केली आणि चिमटा माझ्या हातात आला.

"खाली नेऊन ठेव. मला दिसणार नाही असा."

मी जिना उतरले. चिमटा कुठे ठेवावा सुचेना, शेवटी तांदळाच्या डब्यामागे सरकवला. वर जायला पाय उचलेना. वर गेल्यावर वन्संचा चेहरा बघायचा होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून शंभरापर्यंत मोजलं. मग वरून काहीतरी ऐकू आलं, बारीक, चिरकं. मला वाटलं वन्सं रडतात. मी दोन-दोन पायऱ्या चढत गेले.

कवच मधोमध तुटलं होतं. दोन तुकड्यांच्या मधे एक ओलं, काळपट, मान टाकलेलं काहीतरी पडलं होतं. हलत नव्हतं.

"गेलं?" माझ्या तोंडून निघालं.

"शू." वन्सं खिडकीवर वाकल्या होत्या, श्वासाने काच धुरकट होत होती आणि त्या पदराने पुसत होत्या. "बरगड्या बघ."

मी बघितलं. किती तरी वेळ मला काही दिसलं नाही. मग दिसलं. वर, खाली. मग त्याने मान उचलायचा प्रयत्न केला, ती पडली, पुन्हा उचलली आणि केवढ्याने तरी ओरडलं.

जिन्यावर पावलं वाजली. हे होते. छतावरच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबले. "ताई?"

"एक झालं, दत्तू."

"जिवंत?"

"ऐक ना."

त्यांनी ऐकलं. आत यावं की नाही असे उंबऱ्यावर उभे. वन्संनी मागे न बघता हात हलवला. "आत ये, नाहीतर दार लाव. थंडी येते."

ते आत आले आणि दार लावलं. आम्ही तिघं त्या काचेपाशी बसलो. दुसऱ्या एका अंड्यावर चीर दिसत होती. बाकीच्या तीन अंड्यांवर काही नव्हतं. वन्सं म्हणाल्या, आता रात्रीपर्यंत कुणी झाकणाला हात लावायचा नाही. कुणी लावला नाही.